कुंडीतला वाटाणा, दादासाहेब फाळके आणि तुमच्या मोबाईलमधला जिफ

व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ पाठवताना तो कापून सहा-एक सेकंदांच्या आत आणला की 'जिफ' असा पर्याय दिसतो, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल. तो निवडला की आवाज जातो आणि क्लिप स्वतःच पुन्हा पुन्हा फिरायला लागते. हे कसं होतं ते समजायला मला तरी एका माणसाचं आयुष्य सगळ्यात जास्त उपयोगी पडलं. तो माणूस म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके, आपले दादासाहेब फाळके.

'राजा हरिश्चंद्र' त्यांनी काढला हे शाळेच्या पुस्तकात असतं. पण त्याच्या आधी, १९१२ साली, त्यांनी एक छोटीशी क्लिप बनवली होती. आवाज नाही, नट नाही, गोष्ट नाही. कॅमेरा एका जागी उभा, समोर कुंडी, आणि कुंडीत पेरलेला वाटाणा हळूहळू उगवतोय. नाव 'अंकुराची वाढ'. आजच्या भाषेत सांगायचं तर टाइमलॅप्स जिफ! आणि ही क्लिप पाहून लोकांनी पैसे उसने दिले, म्हणून पुढचं सगळं घडलं.

थोडं मागून सुरू करू.

फाळक्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे शास्त्री. वडिलांना मुंबईत विल्सन कॉलेजात शिकवायची नोकरी लागली आणि घर मुंबईला आलं. पोराने भिक्षुकी किंवा शास्त्रीपण पुढे चालवायचं, हा तेव्हाचा सरळ रस्ता. पण १८८५ साली हा पोरगा जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेला, आणि तिथून मोठ्या भावासोबत बडोद्याला. बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी चित्रकला, मूर्तिकाम, थोडं वास्तुकाम असं बरंच काही शिकून घेतलं. १८९० च्या सुमाराला स्वतःचा एक फोटोचा कॅमेरा घेतला. कलाभवनचे प्राचार्य गज्जर यांनी या मुलाची धडपड ओळखली आणि छपाईचे ब्लॉक बनवायचं तंत्र शिकायला त्यांना रतलामला पाठवलं.

आता इथे जरा थांबू. फाळक्यांवरच्या लेखांत हा भाग एका ओळीत उरकतात, पण टेक्निकली मला हाच भाग महत्त्वाचा वाटतो.

वर्तमानपत्रातला फोटो डोळ्याजवळ नेऊन बघा. सगळे ठिपके दिसतील. छापखान्याकडे करडा रंग नसतो, फक्त काळी शाई आणि पांढरा कागद असतो. ठिपके लहान केले की लांबून फिकट करडं दिसतं, मोठे केले की गडद. रंगीत चित्रात तीन ब्लॉक, तीन शाया, आणि त्यांचे ठिपके शेजारी शेजारी पडले की डोळ्याला हजार छटा दिसतात. रतलामला फाळके हेच तीन रंगांचं काम शिकले.

जिफची अडचण अगदी तीच आहे. हा फाइल प्रकार १९८७ साली कॉम्प्युसर्व्ह नावाच्या अमेरिकन कंपनीने काढला. तेव्हा इंटरनेट आपल्यासारखं नव्हतं, फोनच्या तारेतून मुंगीच्या वेगाने डेटा यायचा. म्हणून एका फ्रेममध्ये जास्तीत जास्त २५६ रंग, असा नियम ठेवला गेला. तुमच्या मोबाईलचा व्हिडिओ लाखो छटा घेऊन येतो आणि जिफ बनवणारं अ‍ॅप त्यातून २५६ निवडतं. संध्याकाळचं आकाश असेल तर पट्टे पट्टे दिसतात ते यामुळेच. ते लपवायला अ‍ॅप दोन रंगांचे ठिपके मिसळून तिसऱ्याचा भास करतं. याला डिदरिंग म्हणतात. छापखान्यात नोकरी केलेल्या माणसाला हे समजावून सांगायची गरजच पडली नसती.

असो. फाळके फोटोग्राफर झाले आणि गोध्र्याला स्टुडिओ टाकला. तिथे प्लेगने त्यांची बायको आणि मूल दोघंही नेलं. वय तीसच्या आसपास. परत बडोद्याला येऊन पुन्हा स्टुडिओ काढला, तर लोक फोटो काढून घ्यायला घाबरायचे. कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती ओढून घेतो आणि माणूस मरतो, अशी समजूत होती. धंदा बसला. मग नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. एका जर्मन जादूगाराकडून जादू शिकले आणि प्रयोगही केले, 'प्रोफेसर केल्फा' या नावाने. फाळके उलटं केलं की केल्फा. बूमरँग व्हिडिओच्या शंभर वर्षं आधी स्वतःचं नावच रिव्हर्स करणारा माणूस!

१९०२ मध्ये दुसरं लग्न झालं. बायकोचं माहेरचं नाव गिरिजा करंदीकर, सासरी सरस्वती. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. १९०३ ला फाळक्यांना पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समन आणि फोटोग्राफरची नोकरी मिळाली. १९०६ ला ती सोडली, लोणावळ्याला स्वतःचा छापखाना काढला, राजा रविवर्म्याच्या चित्रांच्या छपाईचं काम केलं. छापखाना मुंबईत आला, नवा भागीदार आला, १९०९ ला रंगीत छपाईची मशिनरी आणायला जर्मनीला जाऊन आले. मग भागीदाराशी बिनसलं आणि फाळके बाहेर पडले. वय चाळीस, हातात काहीच नाही, घरात लहान मुलं.

१९११ च्या एप्रिलमध्ये गिरगावातल्या एका तंबू थिएटरात त्यांनी ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर येशू चालतोय, तर आपले राम-कृष्ण का चालू नयेत, हा विचार त्यांच्या डोक्यात बसला. विचार अनेकांना येतात. फाळके त्याच्यामागे असे लागले की घरच्यांना आणि मित्रांना ते भ्रमिष्ट वाटायला लागले. मिळेल ते साहित्य, कॅटलॉग, छोटा कॅमेरा, रिळाचे तुकडे गोळा केले. मेणबत्ती आणि भिंग लावून भिंतीवर चित्र पाडत बसायचे. झोप जवळजवळ नाही. शेवटी डोळे गेले, म्हणजे खरोखरच दिसेनासं झालं. औषधोपचार झाले आणि दृष्टी परत आली. आली आणि हे पुन्हा तेच करायला बसले.

मोबाईलचा स्क्रीन टाइम बघून घाबरणाऱ्या आपल्या पिढीला हे ऐकून काय वाटेल माहीत नाही. मला तरी हा भाग कौतुकाने सांगवत नाही. डोळे परत आले नसते तर?

मग विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून पैसे उभे केले आणि १ फेब्रुवारी १९१२ ला ते लंडनला निघाले. तिथे ओळख कोणाची नाही. 'बायोस्कोप' नावाच्या साप्ताहिकाच्या कचेरीत थेट जाऊन संपादकाला भेटले. त्या संपादकाने सेसिल हेपवर्थ या निर्मात्याच्या वॉल्टन इथल्या स्टुडिओत त्यांना पाठवलं. तिथे त्यांनी काम पाहून घेतलं, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा विकत घेतला, कच्ची फिल्म आणि फिल्मला भोकं पाडायचं मशिन मागवलं आणि १ एप्रिलला मुंबईत परत. लंडनमधला मुक्काम जेमतेम दोन आठवड्यांचा होता. आजचा एखादा क्रॅश कोर्ससुद्धा याहून लांब असतो.

सामान आलं. आता सिनेमा काढायला पैसे हवेत, आणि पैसे मागायला दाखवायला काहीतरी हवं. तेव्हा फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा समोर पक्का बसवला.

इथे एक गणित करायला मला आवडतं. बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं की त्यांनी महिनाभर रोज एक फ्रेम घेतली आणि साधारण मिनिटभराची फिल्म तयार झाली. कॅल्क्युलेटर काढा. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण १६ फ्रेम चालायच्या. रोज एक, म्हणजे महिन्याच्या ३० फ्रेम. दोन सेकंदसुद्धा भरत नाहीत. एक मिनिट हवं असेल तर ६० गुणिले १६, म्हणजे ९६० फ्रेम लागतात. महिन्यात बसवायच्या तर रोज ३२. दिवसाच्या बारा तासांत विभागल्या तर साधारण दर २२ मिनिटांनी एक. म्हणजे 'रोज एक' आणि 'एक मिनिट' या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकत नाहीत. फिल्म मिनिटभराची असेल, तर त्या कुंडीपाशी फाळक्यांच्या दिवसाला बऱ्याच फेऱ्या झालेल्या असणार. गोष्ट सांगताना 'रोज एक फ्रेम' ऐकायला छान वाटतं, पण रोज ३२ ही जास्त मोठी मेहनत आहे.

फ्रेम आणि वेळ यांचं हे नातं कळलं की जिफचं निम्मं काम कळलं. डोळ्यासमोर स्थिर चित्रं पटापट बदलली की मेंदू ती जोडून हालचाल बनवतो. चित्रं घेताना त्यांच्यात किती अंतर ठेवलं आणि दाखवताना किती ठेवलं, या दोन आकड्यांवर सगळा खेळ. घेताना २२ मिनिटं आणि दाखवताना सेकंदाचा सोळावा भाग, की महिना मिनिटात बसतो. दोन्ही सारखं ठेवलं की साधा व्हिडिओ. घेताना कमी आणि दाखवताना जास्त, की स्लो मोशन.

करून बघायचं असेल तर वाटाण्यासाठी महिनाभर थांबायची गरज नाही. आपल्या बीड जिल्ह्यात मटकीला मोड आणत नाही असं घर सापडायचं नाही. रात्रभर भिजवलेली मटकी ताटलीत ओल्या फडक्यावर पसरा. विटा किंवा डबे रचून त्यावर मोबाईल असा ठेवा की हलणार नाही. दर दहा मिनिटांनी एक फोटो घेणारं इंटरव्हल अ‍ॅप लावा, चार्जर जोडून ठेवा, फ्लाइट मोड चालू करा. चोवीस तासांत १४४ फोटो होतात. सगळे घेतले तर जिफ फार जड होतो, म्हणून दर तिसरा ठेवा, ४८ उरतात. प्रत्येकाला सेकंदाचा दहावा भाग दिला की ४.८ सेकंदांचा जिफ. जिफ फाइलमध्ये प्रत्येक फ्रेमचा वेळ वेगळा लिहिता येतो, सेकंदाच्या शंभराव्या भागात. तेव्हा शेवटच्या फ्रेमला दहाऐवजी दीडशे द्या. मोड आलेली मटकी दीड सेकंद दिसते आणि मग क्लिप पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. हे केलं नाही तर बघणाऱ्याला शेवट कळतच नाही.

सगळ्यात जास्त त्रास उजेड देतो. खिडकीतलं ऊन सरकतं, ढग येतो, आणि जिफ लुकलुकायला लागतो. खिडकी बंद करून एकच एलईडी दिवा चालू ठेवा, आणि स्क्रीनवर बोट दाबून धरून फोकस आणि एक्सपोजर लॉक करा. लोडशेडिंगचा वार असेल तर चार्जिंगवाला बल्ब वापरा, नाहीतर मधल्या दोन तासांत तुमची मटकी अंधारात वाढेल. आणि आपल्याकडच्या मे महिन्यात मोबाईल उन्हात ठेवून हे करू नका. तापला की कॅमेरा स्वतःहून बंद पडतो.

आकडा अजून एक. ४८० बाय ४८० पिक्सेलची एक जिफ फ्रेम दाबून लहान करण्याआधी २,३०,४०० बाइट्सची असते. ४८ फ्रेमचे झाले साधारण ११ एमबी. प्रत्यक्षात फाइल याहून लहान होते, कारण पुन्हा पुन्हा येणारे रंग जिफ थोडक्यात लिहून ठेवतो. पण व्हिडिओ फाइल याच्याही पुढे जाते. आधीच्या फ्रेममधला कुठला तुकडा कुठे सरकला एवढंच ती लिहिते. म्हणून व्हॉट्सअ‍ॅप ज्याला जिफ म्हणतं तो आतून खरं तर आवाज काढलेला एमपीफोर व्हिडिओ असतो. नाव तेवढं जिफचं!

फाळक्यांना फाइलच्या साइझची नाही, पैशाची काळजी होती. कच्ची फिल्म परदेशातून यायची, प्रत्येक फुटाला पैसे मोजावे लागायचे, फ्रेम चुकली तर डिलीट नावाची सोय नाही. 'अंकुराची वाढ' त्यांनी ओळखीच्या निवडक लोकांना दाखवली. न दिसणारी गोष्ट डोळ्यांसमोर घडताना बघून लोक थक्क झाले आणि त्यांतल्या काहींनी कर्ज दिलं. उरलेल्या पैशासाठी सरस्वतीबाईंनी आपले दागिने पुढे केले.

सरस्वतीबाईंचं काम दागिने देण्यापुरतं नव्हतं. कच्ची फिल्म भोकांशिवाय यायची. कॅमेऱ्यातलं चाक त्या भोकांत दात अडकवून फिल्म पुढे ओढतं, त्यामुळे भोकं नेमक्या अंतरावर हवीत, एक जरी चुकलं तरी चित्र उडी मारतं. फिल्मला उजेड लागून चालत नाही, म्हणून हे काम अंधारात. ते सरस्वतीबाई शिकल्या. 'राजा हरिश्चंद्र' ३,७०० फुटांचा होता. एका फुटात १६ फ्रेम, म्हणजे ५९,२०० फ्रेम. एका फ्रेमला दोन्ही कडांना चार-चार भोकं, म्हणजे नुसत्या तेवढ्या लांबीची पावणेपाच लाखांच्या आसपास भोकं होतात. याशिवाय फिल्म धुण्याचं काम, शूटिंगच्या वेळी उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडण्याचं काम, आणि दादरच्या घरी जमलेल्या साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक. भारतीय सिनेमाची पहिली टेक्निशियन म्हणून त्यांचं नाव घ्यायला हवं. पण फाळक्यांचं नाव माहीत असलेल्या दहा जणांना विचारा, सरस्वतीबाई किती जणांना सांगता येतात ते.

तारामतीचं काम करायला एकही बाई तयार झाली नाही, म्हणून अण्णा साळुंके या तरुणाने ते केलं. रोहिदास झाला फाळक्यांचा मुलगा भालचंद्र. ३ मे १९१३ ला मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात सिनेमा लागला आणि चालला. पाठोपाठ 'मोहिनी भस्मासुर' आला, त्यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला, अशा बायका पडद्यावर आल्या. मग 'सत्यवान सावित्री'. १९१४ ला फाळके पुन्हा लंडनला जाऊन आले.

तेवढ्यात पहिलं महायुद्ध लागलं. पैसा आटला, मोठा सिनेमा काढणं अवघड झालं. त्या कडकीच्या दिवसांत फाळके पुन्हा कुंडीच्या युक्तीकडे वळले, पण यावेळी वाटाणा नाही, आगपेटीतल्या काड्या. काड्या मांडायच्या, एक-दोन फ्रेम घ्यायच्या, काड्या जराशा सरकवायच्या, पुन्हा फ्रेम. पडद्यावर काड्या आपोआप नाचतात. 'आगकाड्यांची मौज' हे तिचं नाव, साल १९१५ च्या सुमाराचं. याला आज स्टॉप मोशन म्हणतात. वाटाणा स्वतः वाढतो आणि काडीला आपण हलवायचं, फरक एवढाच. मोबाईलवर हे मटकीपेक्षाही लवकर होतं, एका दुपारचं काम आहे.

१९१७ साली 'लंकादहन' आला, त्यात राम आणि सीता दोन्ही साळुंकेच. तो तुफान चालला. त्याच सुमाराला फाळक्यांनी सिनेमा कसा तयार होतो हे दाखवणारी एक छोटी फिल्मही काढली, त्यात स्वतः काम करताना दिसतात. आजच्या 'बिहाइंड द सीन्स'चाच प्रकार. १९१८ ला नाशिकमध्ये भागीदारांसोबत हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली, 'श्रीकृष्णजन्म' आला, 'कालियामर्दन'मध्ये मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. जादूचे प्रयोग केलेला माणूस आता कॅमेऱ्यातून तीच जादू करत होता.

पुढचं लवकर सांगतो. भागीदारांशी पटलं नाही, कंपनी सोडून ते काशीला गेले, नाटक लिहिलं, १९२२ च्या सुमाराला परत आले. त्यानंतर काम बरंच केलं, पण जुनी चमक राहिली नाही. १९३१ ला बोलपट आला आणि मूकपटाचा बाजारच उठला. १९३७ चा 'गंगावतरण' हा त्यांचा एकुलता एक बोलपट, कोल्हापूरच्या कंपनीसाठी केलेला. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकला ते गेले. शेवटची वर्षं विस्मरणात गेली होती. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला १९६९ मध्ये.

'राजा हरिश्चंद्र'च्या चार रिळांपैकी पहिलं आणि शेवटचं एवढंच पुण्याच्या फिल्म संग्रहालयात आहे, आणि तेही १९१७ साली पुन्हा काढलेल्या आवृत्तीचं असावं असं काही अभ्यासक मानतात. त्या काळची फिल्म नायट्रेटची. ती पटकन पेट घ्यायची, आणि नुसती ठेवली तरी कुजून जायची. 'अंकुराची वाढ' आज पाहायला मिळत नाही.

मटकीचा जिफ झाला की ते १४४ मूळ फोटो गॅलरीतून उडवू नका. फोटोंवरून जिफ कितीही वेळा नवा करता येतो, वेग बदलता येतो, मोठा करता येतो. जिफवरून फोटो परत मिळत नाहीत, कारण २५६ सोडून बाकीचे रंग त्याने टाकून दिलेले असतात. ड्राइव्हवर एक फोल्डर करा, तारीख टाका आणि सगळे तिथे ठेवा.